शिक्षण तंत्रज्ञानातल्या संशोधनापुढची सगळ्यात मोठी अडचण कोणती? मराठवाड्यात राहून यावर काम करता येईल का?

तुमचं एम.टेक. झालंय, घर नांदेडला आहे, मुलाच्या पातळीप्रमाणे धडा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर पीएचडी करायची आहे, आणि त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागेल का असं विचारलंय. तुम्हाला बहुतेक सगळे वीज, नेटवर्क आणि मराठी कन्टेन्टची रड सांगतील. रड खोटी नाही. पण त्यात संशोधन काय आहे? ते टेंडर काढून सुटणारे प्रश्न आहेत. पीएचडीला टेंडर कशाला करताय?

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्याकडे टॅबलेट दिले. गणिताचं सॉफ्टवेअर होतं, मराठीतून, आणि खरं सांगतो, चांगलं होतं. पोरगं हातच्याच्या वजाबाकीत अडलं की ते त्याला मागे नेऊन दशक-एकक दाखवायचं. जमलं की पट्टी हिरवी. पंचवीस पोरांच्या पंचवीस पातळ्या मला एकट्याला सांभाळता येत नाहीत, आणि ते यंत्राला जमतं हे मी त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कबूल केलं होतं. यंत्र शिकवू शकतं का, हा वाद तसा जुना झालाय. कर्ट व्हॅनलेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसाने एकेकट्याला शिकवल्याचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन (मुलांचे गुण एरवी किती पसरलेले असतात त्याचं माप) आला आणि उत्तराच्या पायरीपायरीला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरचा ०.७६. फरक नसल्यातच जमा.

तर पाचवीत एक पोरगी होती. जुलैपासून टॅबलेटवर अशी सुटली की दसऱ्यापर्यंत भागाकार संपवून अपूर्णांकाला भिडली. सगळ्या पट्ट्या हिरव्यागार. दिवाळी झाली आणि तिच्या आईबापाचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, सांगलीकडच्या साखर कारखान्यावर गेला. आगाऊ उचल घेतलेली होती, टोळीचा मुकादम दारात. मी हंगामी वसतिगृहाचं सांगून पाहिलं. पण कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती गेली. आली ती पाडव्याच्या सुमाराला.

टॅबलेट उघडला तर पुढ्यात अपूर्णांकांची बेरीज. कारण यंत्राच्या लेखी तिला मागचं सगळं येत होतं! पोरगी हातच्याची वजाबाकीसुद्धा विसरली होती. चूक, पुन्हा चूक, आणि प्रत्येक चुकीला पडद्यावरच्या पोपटाचं तोंड उतरायचं. चार-आठ दिवसांत तिने टॅबलेट हातात घ्यायचं बंद केलं. मग मी पाटी काढली, तिसरीच्या वजाबाकीपासून धरलं, आणि पोरगी भराभरा वर आली. जे शिकायला पहिल्यांदा महिना गेला होता ते आठवडाभरात परत बसलं.

आता यातलं तुमच्या कामाचं ऐका. विद्यार्थ्याला काय येतं याचा अंदाज बांधायची जी पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉर्बेट आणि अँडरसन यांनी बसवली, तिच्यात चार आकडे असतात: आधीपासून येत असण्याची शक्यता, एका सरावात शिकण्याची, न येता अंदाजाने बरोबर येण्याची आणि येत असून चुकण्याची. विसरण्याची शक्यता? ती शून्य धरलेली. एकदा आलं की आलं. रोज शाळेत येणाऱ्या पोराच्या बाबतीत हे खपून जातं. पुढे लोकांनी सुधारणा केल्या, २०१५ पासून न्यूरल नेटवर्क, म्हणजे डेटावरून स्वतःच शिकणारं मॉडेलही आलं. पण ज्या आकडेवारीवर हे मॉडेल पारखले जातात ती बघा. शोधनिबंधामागून शोधनिबंधांत अमेरिकेतल्या असिस्टमेंट्स नावाच्या ऑनलाइन गणित-सराव प्रणालीचा २००९-१० चा तोच डेटा. त्या पोरांच्या आईबापांनी ऊस तोडलेला नाही.

आणि नुसतं 'विसरणं' घातलं तरी भागत नाही. एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरलेलं दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे पाच महिन्यांनी परत आलेलं पोरगं कोरं नसतं. त्याला पार पहिलीत बसवलं तर ते कंटाळतं, होतं तिथं ठेवलं तर बुडतं. कुठून धरायचं हे दोन-चार प्रश्नांत, पोराचा अपमान न करता कसं ओळखायचं? हा माझ्या मते तुमचा विषय. आणि हा पुण्यात बसून होणार नाही.

पुढचं सांगतो, कारण खरा राग तिथला आहे. वर्षाअखेरीला संभाजीनगरला एका हॉटेलात बैठक झाली, जेवण उत्तम होतं. पडद्यावर आलेख आला: आमच्या तालुक्यातल्या पोरांची गणितात झेप. मी खालची बारीक अक्षरं वाचली. 'नियमित वापर करणारे विद्यार्थी.' म्हणजे जी गेली ती हिशेबातूनच गेली. नापासांची नावं पटावरून काढून निकाल शंभर टक्के लावण्यासारखं आहे हे.

त्या कंपनीत आमचे साडू डेटाचं काम बघायचे. लग्नाच्या पंगतीत मी विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, तुमची ती पोरं आउटलायर आहेत, बाकीच्यांपेक्षा वेगळी पडलेली. डेटात खड्डे असले की मॉडेल बिघडतं, ते साफ करावंच लागतं." मी म्हटलं, "पाव्हणं, अर्धा वर्ग आउटलायर कसा असतो?" त्यावर ते जगभर असंच करतात म्हणाले, आणि सासूबाईंनी मठ्ठा वाढायला सुरुवात केली. तेव्हापासून दर दिवाळीला हा वाद उगाळला जातो.

जगभर असंच करतात हे अर्धंच खरं. लॉरेन्स होल्ट यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अशाच सॉफ्टवेअरांबद्दल लिहिलं की गुण वाढल्याचे दावे सांगितल्याइतका वापर करणाऱ्या जेमतेम पाच टक्के मुलांवर उभे आहेत. पण नीट करणारेही आहेत, आणि ते आपल्याच देशात. मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांचा दिल्लीतल्या माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. ६१९ मुलं, चिठ्ठ्या टाकून निवड. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ. महत्त्वाचं हे की चिठ्ठी लागलेलं जे पोरगं शेवटच्या चाचणीला बसलं ते त्यांनी मोजलं, केंद्रात येवो न येवो. साडूंना मी हा निबंध व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

(त्या केंद्रांत सॉफ्टवेअरइतकाच वेळ एक माणूस छोट्या गटाला शिकवायचा, हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही.)

बाकी अडचणी भरपूर आहेत, थोडक्यात सांगतो. एका टॅबलेटवर तिघी बहिणी एकाच नावाने बसतात, मग यंत्र कुणाचं ज्ञान मोजतंय ते तुम्हीच ओळखा. बॅटरी पूर्ण उतरली की आमच्या टॅबलेटांची तारीख मागे जायची आणि उत्तरांचा क्रम उलटापालटा व्हायचा; ज्या मॉडेलचा जीव क्रमात आहे त्याचं काय होणार? वाचन तपासणाऱ्या ॲपला आमचं 'पानी' चूक वाटतं, पोराला 'पाणी'चा अर्थ कळला तरी. आणि शिक्षण हमी कार्ड घेऊन पोरगं कारखान्याजवळच्या शाळेत बसलंच, तर त्याची इथली पातळी तिथल्या गुरुजींना दिसत नाही. शिकल्याची नोंद एका प्रणालीतून दुसरीत न्यायला एक्सएपीआय नावाचं मानक २०१३ पासून आहे. कोपीवरच्या पोरासाठी ते कुणी वापरलेलं मी तरी पाहिलं नाही.

गाइड कोण आणि फेलोशिप कुठली, हे मला विचारू नका. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ तुमच्या घराजवळ आहे, तिथे चौकशी करा. मी बोलतोय ते डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेवरून. लातूरच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासेसमध्ये किंवा किनवटच्या गोंडी-कोलामी बोलणाऱ्या मुलांत प्रश्न वेगळे निघतील. साडूंच्या बाजूनेही एक कबूल करतो: खड्डे असलेल्या डेटावर मॉडेल बसवणं खरंच अवघड आहे. पण अवघड आहे म्हणूनच पीएचडी देतात ना?

करायचं ठरलं तर पायाभूत चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच घ्या, आणि त्या दिवशी पटावर असलेलं प्रत्येक नाव शेवटच्या तक्त्यात दिसू द्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती कागदपत्रं दसऱ्याआधी उरकून घ्या. नंतर आईबाप उसाच्या फडात असतात, आणि मुकादमाची सही चालत नाही.