वाचकांचे प्रश्न : चौकट लहान केली की पावसाचा अंदाज अचूक होतो का?

प्रश्न : आम्ही वाईला राहतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळत असताना आमच्याकडे अनेकदा नुसती भुरभुर असते. तरीही मोबाईलवरचा अंदाज दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच दिसतो. असे का? संगणक अधिक शक्तिशाली झाले की हा दोष जाईल का?

उत्तर : हवामानाचे संगणकीय मॉडेल वातावरणाचे चौकटींमध्ये तुकडे पाडते आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, दाब, बाष्प यांची एकेकच किंमत धरून पुढचे गणित करते. पोलादपूरपासून महाबळेश्वरमार्गे वाईपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. म्हणजे १२ किलोमीटरच्या चौकटी घेतल्या, तर जवळजवळ समुद्रसपाटीवरचे पोलादपूर, साडेतेराशे मीटर उंचीचे पठार आणि त्यापलीकडचे कृष्णेचे खोरे हे सगळे जेमतेम चार चौकटींत बसवावे लागते. त्यात कड्याची उंची सरासरीत विरून जाते आणि सह्याद्रीची भिंत मॉडेलला उतरत्या छपरासारखी दिसते. अरबी समुद्रावरचे बाष्प ज्या कड्याला आदळून वर चढते तो कडाच बोथट झाला, की घाटमाथ्यावरचा पाऊस कमी भरतो आणि पर्जन्यछायेतल्या वाईच्या वाट्याला नसलेला पाऊस येतो.

यावर उपाय म्हणजे प्रादेशिक मॉडेल. जगभरात वापरले जाणारे डब्ल्यूआरएफ हे त्यांपैकी एक. ते मर्यादित प्रदेशापुरते ३ किलोमीटरच्या चौकटींवर चालवता येते. मात्र त्या प्रदेशाच्या सीमेवरून आत येणारा वारा आणि बाष्प जागतिक मॉडेलकडून घ्यावे लागते आणि तिथली चूकही त्याबरोबर आत येते. शिवाय चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, गणिताचे कालांतरही (गणिताच्या एका पायरीत मॉडेल जितका वेळ पुढे सरकते तो) निम्मे करावे लागते, आणि एकूण काम आठपट वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटींवर चालते. त्याआधीच्या जागतिक मॉडेलची चौकट १२ किलोमीटरची होती. ही मजल माझ्या मते मोठी आहे.

तरीही आपल्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ ‘होय’ म्हणता येत नाही. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून लहान चौकटीचा लाभ घाटात लगेच दिसतो. गडगडाटी ढगाचे तसे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईतल्या कुलाब्याला अवघा ७३. असा ढग मॉडेलमध्ये हुबेहूब उभा राहूनही वीस किलोमीटर बाजूला सरकू शकतो, कारण सुरुवातीच्या क्षणी समुद्रावर बाष्प नेमके कुठे किती होते, याची मोजमापे विरळ असतात. म्हणून माझा आग्रह संगणकाइतकाच डॉप्लर रडार, घाटातली पर्जन्यमापके आणि समुद्रावरची निरीक्षणे वाढवण्याचा राहील. तोवर वाईकरांनी एकाच ठिपक्यावरचा आकडा पाहण्याऐवजी सबंध जिल्ह्याचा पावसाचा नकाशा पाहावा, आणि पट्टा घाटमाथ्यावरच थांबतो की खोऱ्यात उतरतो, ते पाहून कामे ठरवावीत.