मला नको, अप्पांना विचार

अरे भो,

तुझा मेसेज वाचला. अप्पा रात्री "माले आते मोकया कर" म्हणतात आणि तू विचारतो, मरायला मदत करू का. तू बापाचं किती करतो ते गावाला दिसतं, त्यावर मी बोलणार नाही. पण मला विचारलं, काकाला विचारलं, गुगलला विचारलं, अप्पांना विचारलं का? म्हणजे दिवसा, जवळ बसून, दुखणं उतरलेलं असताना, की अप्पा, नेमकं कशातून मोकळं व्हायचंय?

जबड्याचा कॅन्सर आहे राजा, रात्री तीनला गोळीचा असर उतरला की माणूस नाही बोलत, कळ बोलते. तोच माणूस सकाळी रावेरला केळीचा काय भाव निघाला विचारतो, हे तूच लिहिलंय ना खाली? मग कुठल्या अप्पांचं ऐकणार तू?

मॉर्फिन, म्हणजे कळ थांबवायचं जोरदार औषध, चालू आहे का ते आधी सांग. 2014 ला कायदा सोपा झाला तरी आपल्याकडे डॉक्टर लिहायला बिचकतात आणि मेडिकलवाला नाही म्हणून मोकळा, तर मुंबईला टाटात जावं लागलं तरी जा, पॅलिएटिव्हवाल्यांना, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरांना गाठ. साधी गोळी असली तर डॉक्टर सांगतील तशी घड्याळ लावून द्यायची, बहुतेक चार-चार तासांनी, कळ यायची वाट बघायची नाही. पोट साफ व्हायचं औषध सोबत लागतंच. एवढं कर, मग विचार.

आणि स्वित्झर्लंडला मरायला कायद्यानं मदत मिळते त्याच्या लिंका पाठवू नको. तिथं पण औषध ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं, पोरानं ठरवायचं नसतं. इथं तर आत्महत्येला मदत केली की न्याय संहितेचं 108 कलम आहे, दहा वर्षांपर्यंत आत. पण मी जेलच्या भीतीनं नाही सांगत.

उपचार नको म्हणणं वेगळं. 2018 ला सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं, 2023 ला आणखी सोपं केलं: आधीच लिहून ठेवायचं, दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर. अप्पांना व्हेंटिलेटर नको असेल तर शुद्धीत आहेत तोवर लिहून घे. विनोबांनी 1932 ला आपल्या धुळ्याच्या जेलात गीता सांगितली, 1982 ला पवनारला अन्न-औषध स्वतःच नाकारलं, त्यांना कोणी विचारायची गरज नव्हती. अप्पा विनोबा नाहीत, त्यांना विचारावं लागेल.

मी माझ्या मोठ्या भावाला परत आयसीयूत नेलं नाही. भाऊबंद अजून लग्नाच्या पंगतीत ऐकवतात, मास्तरनं पैसे वाचवले. बोलू दे. माझा हात धरून तो म्हणाला होता घरी चल, आणि मी त्याला एकदा नाही, रोज विचारलं होतं, वहिनीसमोर विचारलं होतं, अजून कोणाला काय पुरावा पाहिजे? वाईट एवढंच वाटतं की धडधाकट होता तेव्हा हा विषय काढला की आम्ही दोघंही हसण्यावारी न्यायचो.

रात्री ऐकवेनासं झालं तर गोळ्यांच्या डब्याकडे बघायचं नाही, मला फोन लावायचा, कितीही वाजलेले असू दे. रविवारी मी येतोच. काकाला सांग, खाटेजवळ उभं राहून "आता काय राहिलं यांचं" असं बोलायचं नाही, अप्पांचा जबडा गेलाय, कान नाही.