सत्तरीनंतर दम्याचा पंप कमी का लागू पडतो?

तुमचा प्रश्न: वडील 72 वर्षांचे, यवतमाळजवळच्या खेड्यात राहतात, सालब्युटामॉलचा पंप पूर्वीसारखा उतार देत नाही, औषध बनावट आहे का?

बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंवर बीटा-2 नावाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे औषध चिकटण्याच्या जागा) असतात. सालब्युटामॉल त्यांना चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. वयानुसार ग्राहक फारसे घटत नाहीत, पण चिकटल्यानंतरचा निरोप आत नीट पोचत नाही. म्हणून तेवढ्याच फवाऱ्यात उतार कमी. इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही पंपातून घ्यायची दुसरी औषधं वेगळ्या वाटेने काम करतात, त्यांचा परिणाम उतारवयातही बऱ्यापैकी टिकतो. मात्र काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

त्याआधी एक बघाच: वडील पंप कसा घेतात? आपल्याकडे म्हातारी माणसं फवारा दाबतात आणि श्वास मागून ओढतात. औषध जिभेवरच राहतं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, हळू खोल श्वास, मग दहा सेकंद रोखून धरा. हा फरक मला औषध बदलण्यापेक्षा मोठा वाटतो.

बीपीची गोळी किंवा डोळ्यांचे थेंबही डॉक्टरांना दाखवा. त्यातली प्रोप्रानोलॉल, टिमोलॉल ही औषधं याच बीटा-2 ग्राहकांना अडवतात. पण मनाने काही बंद करू नका.

घरात पऱ्हाट्यांवर चूल पेटते का? त्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो, म्हणून स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी) करून घ्या. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसले, तर थांबू नका, 108 ला फोन करा.