ठाण्याहून चेन्नईला राहायला जाण्यापूर्वी काय माहीत असावे?

आपण विचारले आहे की, घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या कुटुंबाने जूनमध्ये बदलीच्या गावी, म्हणजे चेन्नईला जाताना घर, भाषा आणि सहा वर्षांच्या मुलीची शाळा यांबाबत काय माहीत करून घ्यावे. आणि पुढे कंसात लिहिले आहे की, ठाण्याच्या उकाड्याची सवय असल्यामुळे उन्हाचे विशेष काही वाटणार नाही. मी उत्तर लिहायला बसले ती या कंसामुळे. हेच वाक्य २०१३ च्या एप्रिलमध्ये, आम्ही चेन्नईला राहायला जाण्याच्या तयारीत असताना, आमच्या नौपाड्याच्या घरी जेवताना आमच्या थोरल्या दिरांनी उच्चारले होते, आणि त्याला जोडून सल्लाही दिला होता की, घर सगळ्यात वरच्या मजल्यावरचेच घ्या, वारा फुकट मिळतो. दिरांचे स्वतःचे घर कोपरीला पाचव्या मजल्यावर, खाडीकडे तोंड करून आहे, आणि तेथे खरोखरच वारा येतो. चेन्नईबद्दलचे त्यांचे ज्ञान मात्र कार्यालयीन प्रशिक्षणाच्या पंधरा दिवसांचे होते, आणि ते पंधरा दिवस जानेवारीतले होते. जानेवारीत चेन्नईला दुपारी तिशीच्या आत आणि पहाटे विशीच्या आसपास तापमान असते, पोंगलची रांगोळी दारोदारी असते, आणि त्या दिवसांत कोणालाही ते शहर राहण्याजोगे वाटेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या वेळी कोणी हे म्हणाले नाही, म्हणून आता आपल्याला सांगत आहे.

ठाण्याचा मे महिना आपण सोसतो, कारण त्याला शेवट आहे हे अंगाला ठाऊक असते. रोहिणी लागली की आभाळ भरू लागते आणि मृगात, थोडे मागेपुढे, पाऊस येतो. चेन्नईत त्याच सूर्यनक्षत्रांचा हिशेब उन्हासाठी ठेवतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ महिनाअखेरपर्यंतच्या काळाला तेथे ‘अग्नी नक्षत्रम’ किंवा बोलताना ‘कत्तिरी वेयिल’ म्हणतात. तो काळ पंचांगात संपतो. ऊन संपत नाही, कारण नैर्ऋत्येचे ढग आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या अंगावर टाकून जातात आणि पलीकडे पोहोचतो तो कोरडा, तापलेला पश्चिमेचा वारा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पारा उतरतो. पण पश्चिमेचा वारा जोरात असला की तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्याशीच अडवून धरतो, आणि त्या दिवशी चाळिशी ओलांडली जाते. मे २००३ मध्ये चेन्नईत ४५ अंशांची नोंद झाली होती. जून ते सप्टेंबर संध्याकाळी अधूनमधून वळवासारख्या सरी येतात, परंतु खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. म्हणजे आपण जूनमध्ये जाणार, तेव्हा एक उन्हाळा ठाण्यात भोगून दुसऱ्या उन्हाळ्यात उतरणार आहात.

आम्ही दिरांचे ऐकले. यजमानांचे कार्यालय तरमणीला होते, म्हणून वेळच्चेरीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर घर घेतले. घरमालकांनी दहा महिन्यांच्या भाड्याइतका ‘ॲडव्हान्स’, म्हणजे अनामत, मागितला आणि तेथील तेव्हाचा रिवाज म्हणून आम्ही तो दिला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, डोक्यावरचा स्लॅब हाच त्या घराचा खरा मालक आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत उष्णता खाली सोडत असे आणि पंखा लावला की तीच उष्णता तो इमानेइतबारे आमच्या अंगावर आणून घालत असे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला सोसत नसे. शेजारणीने शिकवले की, संध्याकाळच्या अंघोळीच्या बादल्या पहाटेच भरून झाकून ठेवायच्या. मेच्या अखेरीस माळ्यावरचा गणपतीच्या सामानाचा डबा काढला, तर आतल्या मेणबत्त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या होत्या. त्यातली एक मी मुद्दाम जपून ठेवली आहे. दीर घरी आले की ती दिसेल अशी ठेवते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईचा नौपाड्याहून फोन आला. ती काही बोलली नाही, फोन खिडकीबाहेर धरला आणि पन्हाळीवरून पडणारे पाणी ऐकवले. मी तेव्हा ओला पंचा खांद्यावर टाकून जिन्यात बसले होते, कारण घरापेक्षा जिना थंड होता.

अकरा महिन्यांनी आम्ही ते घर सोडले. अनामत रकमेतून रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचे भाडे कापले गेले, ती कुरकूर वेगळी. (२०१९ पासून तमिळनाडूत नवा भाडेकरू कायदा लागू आहे आणि त्यात वेगळा करार नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घेता येत नाही, ‘वेगळा करार नसेल तर’ या शब्दांकडे नीट पाहावे.) त्याच भागात मी हट्टाने तळमजल्यावरचे घर घेतले. ते थंड होते, अंगणात कडुनिंब होता, आणि दिरांना मी फोनवर ते जरा अधिकच रंगवून सांगितले.

मग १ डिसेंबर २०१५ ची रात्र आली. नोव्हेंबरभर पाऊस झोडपत होताच. त्या दिवशी तो थांबलाच नाही. वेळच्चेरी हा भाग मुळात तळ्याच्या आणि पळ्ळिक्करणैच्या दलदलीच्या कडेने वाढलेला. पाण्याला जायला वाट उरली नाही की ते घरात येते. आमच्याकडे ते प्रथम न्हाणीघराच्या जाळीतून उलटे वर आले. तासाभरात गॅसची शेगडी ओट्यावरून उचलून आम्ही जिना चढलो. पहिल्या मजल्यावरच्या मामींनी दार उघडले आणि मराठीत म्हणाल्या, “या, या.” दीड वर्ष आम्ही त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत होतो! त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या होत्या. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, त्यानंतर तिकडे स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी एक. त्यांची मराठी तमिळ हेलात बुडालेली, तरी माझ्या आजीच्या तोंडचे शब्द तीत होते. वीज नाही, फोन नाही, विमानतळ पाण्याखाली, अशा चार दिवसांत त्यांनी आम्हाला भात आणि उडदाच्या पिठाचे, ताकात कालवलेले डांगर खाऊ घातले. ठाण्यात मी डांगर करणे केव्हाच सोडून दिले होते.

फोन सुरू झाल्यावर दिरांचे पहिले वाक्य होते, “म्हणून सांगत होतो, वरचा मजला घ्या.” गेली दहा वर्षे ते हेच सांगत आहेत. माझे म्हणणे असे की, त्यांचा सल्ला वाऱ्यासाठी होता, पुरासाठी नव्हता. पुराचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता, आणि चुकीच्या कारणाने बरोबर ठरलेला सल्ला हा सल्ला नसतो, योगायोग असतो. बरोबर उत्तर आम्हाला तिसऱ्या घरात सापडले: चार मजली इमारतीत दुसरा मजला. डोक्यावर दुसऱ्या कोणाचे तरी घर असावे आणि पायाखालीही. पश्चिमेला मोकळी भिंत नसावी, असलीच तर झाडाची सावली असावी. कार्यालयापासूनचे अंतर यानंतर मोजावे.

पाण्याबद्दल विचारायचे राहू देऊ नये. २०१९ च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरवणारे तलाव आटले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आपल्याकडे २०१६ साली मिरजेहून लातूरला आणले तसे. एरवीही बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ असते, पिण्यासाठी वीस लिटरचा कॅन विकत घ्यावा लागतो आणि अनेक इमारती टँकरवर चालतात. टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा, हे लेखी घ्यावे. विजेचे बिल तेथे दोन महिन्यांनी येते आणि युनिट वाढले की दर चढतो, त्यामुळे मे-जूनचा आकडा पाहून छातीत धस्स होते.

भाषेचे थोडक्यात सांगते. तमिळ येत नाही म्हणून कोणी अडवत नाही, हिंदीचा आग्रह धरला तर अडवतात, आणि ठाण्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. रिक्षावाल्याला ‘अण्णा’, भाजीवालीला ‘अक्का’ म्हणावे आणि अंक शिकून घ्यावेत. मुलीला शाळेत तमिळ शिकावेच लागेल, तसा २००६ चा कायदा आहे; सहाव्या वर्षी ती आपल्यापेक्षा लवकर शिकेल. कोणती शाळा चांगली, हे मी सांगू शकत नाही, कारण आमचा मुलगा तेव्हा महाविद्यालयासाठी ठाण्यातच, दिरांकडे राहिला होता. त्याचे त्यांनी उत्तम केले, हेही लिहिलेच पाहिजे.

हेही लक्षात घ्यावे की, मी दिवसभर घरी असे. यजमान वातानुकूलित कार्यालयातून रात्री आठला येत आणि त्यांना चेन्नई फारशी तापलेली कधी वाटलीच नाही. आपल्या घरी दुपारी कोण असणार आहे, त्यांना विचारून घर ठरवावे. एप्रिलपासून नुंगू मिळू लागतात, म्हणजे आपले ताडगोळे, आणि वसईच्या ताडगोळ्यांपेक्षा ते मला अधिक आवडले. दिवाळी तेथे नरकचतुर्दशीलाच होऊन जाते आणि पुष्कळदा पावसात होते. आकाशकंदील गॅलरीच्या आत लावावा.

घर दाखवणारा दलाल आपल्याला सकाळी दहाला बोलावेल. आपण दुपारी तीनला जावे, पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहावा, माळ्यावर हात घालून पाहावा. मग खाली येऊन रखवालदाराला विचारावे की, २०१५ साली पाणी कुठवर आले होते. तो बोलणार नाही, नुसता स्वतःच्या अंगावर हात लावून दाखवेल. तो हात गुडघ्याला लागतो की छातीला, ते पाहावे.