कॉर्नियात रक्तच नाही, मग ओरखडा भरतो कसा?

तुम्ही विचारलंय की कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नाहीत तर पांढऱ्या पेशी तिथे येतात कुठून, आणि डोळा लाल झाला की घरात पडलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स घालावेत का.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीत एमएस्सी केलंय, पण मागे दीड वर्षाच्या पोरीने झोपेत हात फिरवला आणि तिचं नख थेट माझ्या बुबुळावर. डॉक्टरांनी नारिंगी रंग लावलेली कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा लाईट मारला आणि मोबाईलवर फोटो काढून दाखवला, बुबुळावर ओरखड्याची हिरवीगार चमकणारी रेघ! दुसऱ्या दिवशी ती निम्मी, तिसऱ्या दिवशी गायब.

कॉर्निया मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि पारदर्शक राहायचं म्हणून आत रक्तवाहिनी एकही नाही. पण काठाला, जिथे काळं आणि पांढरं मिळतं त्या लिंबसमध्ये, भरपूर आहेत. वरच्या थरातली पेशी फुटली की तिच्यात आधीच भरून ठेवलेलं इंटरल्युकिन-१ अल्फा हे धोक्याचा निरोप देणारं प्रथिन बाहेर सांडतं, म्हणजे अलार्म वेगळा वाजवावा लागत नाही, पेशी फुटणं हाच अलार्म. मग आजूबाजूच्या पेशी केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं, सोडतात, काठाच्या रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि कोलॅजनच्या (कॉर्निया ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी बनलाय त्याच्या) थरांमधून सरपटत काही तासांत जखमेकडे पोहोचतात. दुसरा रस्ता अश्रूंचा. अश्रूंत लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही जंतूंशी लढणारी प्रथिनं कायमच असतात, शिवाय रात्री डोळे मिटले की जखम नसतानाही न्यूट्रोफिल तिथे जमतात, सकाळी आपण चिपडं काढतो ना, त्यात त्यांचाही वाटा असतो. (हे वाचल्यापासून मी चिपडांकडे जरा आदराने बघतो.)

मला भारी वाटलं ते पुढचंच. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू खाणारे एवढंच आपण शिकतो, पण उंदरांच्या कॉर्नियावर साधा ओरखडा काढून न्यूट्रोफिल अडवले तर जखमच उशिरा भरते, जंतूंचा काही संबंध नसताना! म्हणजे भरायच्या कामातही त्यांचा हात आहे, आणि तुटलेल्या नसांची टोकं परत वाढायला जे व्हीईजीएफ हे वाढीचं प्रथिन लागतं तेही ते आणि प्लेटलेट्स पुरवतात.

अर्थात पाहुणे वेळेवर गेले पाहिजेत. मेलेले न्यूट्रोफिल मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी गिळून साफ करतात, ते झालं नाही, जखम खोल असली किंवा इन्फेक्शन लांबलं, तर न्यूट्रोफिलची एन्झाइम्स कोलॅजनच कापायला लागतात, टीजीएफ-बीटा या निरोप्या प्रथिनामुळे आतल्या पेशी मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे व्रण तयार करणाऱ्या पेशी, होतात आणि पांढुरका डाग राहतो, ज्याला आपण फूल पडलं म्हणतो.

त्यामुळे ड्रॉप्सचं उत्तर: स्वतःच्या मनाने अजिबात नको. स्टिरॉइड नेमकी हीच फौज थोपवतं, आणि आत बुरशी किंवा हर्पीसचा विषाणू असेल तर त्यांना रान मोकळं. डॉक्टर कधीकधी देतात, पण ते आत काय आहे ते बघून, डाग राहू नये म्हणून. मी तर त्या रात्री बधिर करणारे ड्रॉप्स घरी न्यायला मागितले होते, तेही मिळाले नाहीत, कारण ते परत परत घातले की वरच्या थराच्या पेशी सरकायच्याच मंदावतात. त्या रात्री मला झोप आली नाही, पोरगी मात्र मस्त झोपली.