इंजिन चालू होतं हो, थांबवता येतं का?

पावसाळ्याच्या तोंडावर फवारणीची आणि पाणी उपसायची इंजिनं दुरुस्तीला निघतात आणि मग पत्रंही त्याच विषयावर येतात. या वेळी बहुतेकांना घरच्या घरी टेस्ट स्टँड, म्हणजे इंजिन बसवून चालवून बघायचा सांगाडा, बनवायचा आहे. निवडक पत्रांना उत्तरं देतो. थोडं रागावून लिहिलंय असं कुठे वाटलं, तर ते खरंच रागावूनच लिहिलेलं आहे.

प्रश्न: तासगाव तालुक्यात माझं छोटं गॅरेज आहे. फवारणी पंप, ब्रशकटर, पेट्रोलवरचे पाण्याचे पंपसेट येतात. इंजिन फरशीवर ठेवून चालू केलं की नाचत नाचत दाराकडे निघतं. स्टँडला लोखंड कोणतं वापरू? आणि चाकं लावू का?

आधी चाकांचं सांगतो, लावू नका. हलवायला सोयीचं म्हणून सगळे लावतात आणि मग इंजिनासोबत स्टँडही दाराकडे निघतो. लावायचीच असतील तर दोनच, मागच्या बाजूला, हातगाडीसारखी. स्टँड खाली टेकला की चाकं जमिनीपासून सुटली पाहिजेत.

सिंगल सिलिंडर इंजिन थरथरणारच, तो त्याचा स्वभाव आहे. पिस्टनचा धक्का क्रँकशाफ्टवरच्या प्रतिवजनाने अर्धामुर्धाच मारला जातो. 3600 फेऱ्यांना फिरणारं इंजिन सेकंदाला साठ धक्के देतं, 1800 ला तीस. यातला एखादा आकडा तुमच्या सांगाड्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की स्टँड थयथयाट करतो आणि स्पीड थोडा वाढवला की गप्प होतो. म्हणून सांगाडा ताठ हवा आणि खाली जड हवा. 163 सीसीचं इंजिन साधारण पंधरा किलोचं असतं. त्याला 50 बाय 50 बाय 6 चा अँगल किंवा 40 चा चौकोनी पाइप पुरतो, पण चारही बाजूंना तिरक्या पट्ट्या मारा. खालच्या फळीवर वाळूची दोन पोती टाका. वाळूइतकं स्वस्त आणि गुणी वजन नाही, ती कंपन खाते.

वरच्या प्लेटला भोकं पाडू नका, लांब खाचा पाडा. आज एक इंजिन येईल, उद्या दुसरं, प्रत्येकाच्या पायांचं अंतर वेगळं. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले घ्या, थरथरीने साधा नट सुटतो. आणि एक विनंती, इंजिन स्टँडवर असताना वेल्डिंग मारू नका. अर्थिंगचा करंट बेअरिंगमधून गेला की त्यावर बारीक खड्डे पडतात आणि दोष मात्र बेअरिंगवाल्याला जातो.

पेट्रोलची टाकी कार्बोरेटरच्या वीतभर वर, सायलेन्सरपासून लांब आणि लिटरभराचीच. सलाइनची बाटली टांगायची पद्धत मला ठाऊक आहे, मीही टांगली आहे. पण सलाइनची नळी पेट्रोलने महिनाभरात कडक होते आणि तोंडाशी चिरते. इंधनासाठीची पारदर्शक नळी घ्या. हवेचे बुडबुडे तिच्यात दिसतात, तेवढ्यात निम्मी तक्रार सापडते.

आता या पत्रात जे विचारलेलंच नाही ते सांगतो. इंजिन बंद कसं करणार? मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी तयार करणाऱ्या इंजिनात बंद करायचं बटण कॉइलची वायर बॉडीला टेकवतं, म्हणजे वायर जोडली जाते तेव्हा इंजिन थांबतं. ती वायर थरथरीने तुटली तर इंजिन चालूच राहतं आणि बटण नुसतं टकटक करतं. इंधनाचा कॉक बंद केला तरी कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते फिरतच राहणार, आणि घाबरलेल्या माणसाला तो वेळ फार मोठा वाटतो. म्हणून उपाय तीन ठेवा: बटण, कॉक आणि चोक. तिन्ही एकाच बाजूला, फिरणाऱ्या शाफ्टवरून हात न नेता पोचतील असे. चोक पूर्ण ओढला की बहुतेक इंजिनं गुदमरतात.

ब्रशकटरच्या टू-स्ट्रोकला बहुधा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा नसते. त्याला बिनलोडचं पूर्ण थ्रॉटल देऊन "आवाज बघा" म्हणू नका. आणि एअर कूल्ड इंजिनाचा पत्रा आत डोकावायला म्हणून काढून चालवू नका. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा त्या पत्र्यामुळेच सिलिंडरवर जाते.

प्रश्न: आमच्या ह्यांनी घरामागच्या शेडमध्ये इंजिन तपासायचा स्टँड मांडलाय. पाऊस असला की शटर अर्धं ओढून काम चालतं. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणतात आणि चहा मागतात. काळजी करण्यासारखं आहे का?

हो ताई, आहे. चहा नंतर द्या, आधी त्यांना उघड्यावर आणा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं ही त्याची पहिली लक्षणं. पुढच्या पायरीवर माणूस उठून बाहेर येण्याच्या अवस्थेत राहत नाही. अर्धं शटर उघडं आहे म्हणून निभतं, या समजुतीवर विसंबू नका.

सायलेन्सरला लवचिक स्टीलचा पाइप जोडून तो भिंतीबाहेर, खिडकीपासून लांब काढायला सांगा. तोवर स्टँड अंगणात, वर ताडपत्री. शेजारी पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतलं की आग पाण्यावर तरंगत पसरते.

घरातलं इंजिन म्हटलं की मला 24 डिसेंबर 1893 ची डेट्रॉइटमधली रात्र आठवते. हेन्री फोर्डने आपलं पहिलं इंजिन स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवून चालवलं होतं आणि पत्नी क्लारा हाताने थेंब थेंब पेट्रोल सोडत होती. घरात दीड महिन्याचं मूल. गोष्ट म्हणून झकास आहे. तुम्ही क्लारा होऊ नका.

प्रश्न: आम्ही कराडजवळ डिप्लोमाला आहोत. प्रोजेक्टसाठी 5 एचपी, 1500 आरपीएमचं जुनं डिझेल इंजिन मिळालंय. त्याची ताकद मोजायची आहे, पण डायनॅमोमीटरचा भाव बघून गप्प बसलो. स्वस्तात काय करता येईल?

तुमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात असेल तोच रोप ब्रेक. शाफ्टवर ड्रम, ड्रमवर सुती दोराचे वेढे, दोराच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. वजनातून काट्याचा आकडा वजा केला की निव्वळ ओढ मिळते. दोर नायलॉनचा घेऊ नका, तो वितळून ड्रमला चिकटतो.

हिशेब सोपा आहे. निव्वळ ओढ किलोत, त्रिज्या मीटरमध्ये आणि फेऱ्या मिनिटाला, या तिघांचा गुणाकार करून 974 ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. त्रिज्या म्हणजे ड्रमची त्रिज्या अधिक दोराची अर्धी जाडी. ही अर्धी जाडी विसरणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. समजा तुमची त्रिज्या 0.15 मीटर भरली. 20 किलो टांगले, काटा 4 दाखवतो, फेऱ्या 1500. म्हणजे 16 गुणिले 0.15 गुणिले 1500 भागिले 974, साधारण 3.7 किलोवॅट, तुमचे पाच एचपी.

ही सगळी ताकद जाते कुठे? ड्रमच्या उष्णतेत. 3.7 किलोवॅट म्हणजे दोन घरगुती गीझर एकदम लावले म्हणा. म्हणून ड्रमला आतून कडा असलेली खोबण हवी आणि तिच्यात पाणी, जे फिरताना कडेला चिकटून राहतं. तीस अंशाचं पाणी वाफ होऊन गेलं तर या लोडला तासाला सव्वापाच लिटर लागेल. एका मुलाचं काम फक्त पाणी घालणं, आणि त्याने दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही.

दोर अचानक पकडला गेला तर टांगलेलं वजन वर उसळतं. त्याला सैल साखळीने सांगाड्याशी बांधा. साखळी नसलेला रोप ब्रेक मी चालू होऊ देत नाही, मग प्राचार्य समोर उभे असोत.

ड्रम भंगारातून आणणार असाल तर हातोडीने हळूच ठोकून बघा. चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. बिडाच्या चाकाचा कडेचा वेग सेकंदाला तीस मीटरच्या आत ठेवायचा, हा जुन्या कारखान्यांचा नियम. 300 मिलिमीटरचा ड्रम 1500 ला साडेतेवीस मीटरने जातो, चालेल. तोच ड्रम 3600 च्या पेट्रोल इंजिनाला थेट लावलात तर छप्पन्न. तिथे स्टीलचा ड्रम किंवा पट्ट्याने वेग कमी करणं, दुसरा मार्ग नाही.

दोराची भीती वाटत असेल तर वीज तयार करणारा अल्टरनेटर जोडा आणि हीटरच्या कॉइल पेटवा. व्होल्ट गुणिले अँपिअर, ते अल्टरनेटरच्या कार्यक्षमतेने भागा. लहान अल्टरनेटरला 0.8 धरा. चार पोलचा असेल तर 1500 फेऱ्यांना 50 हर्ट्झ येतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी मीटर हाच तुमचा फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर.

इंधनही मोजा. काचेच्या ब्युरेटमधून 100 मिली डिझेल किती वेळात जातं ते घड्याळावर बघा. या आकाराचं बरं डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास पितं. त्या हिशेबाने पूर्ण लोडवर 100 मिलीला साधारण साडेपाच मिनिटं लागायला हवीत. चारच लागली तर नोझल आणि पंप उघडा.

आणि इंजिनाच्या पाटीवरचे पाच एचपी पूर्ण भरले नाहीत म्हणून रडू नका. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, शंभर मीटरला टक्काभर ताकद जाते. शिवाय पाट्याही बदलतात. होंडाचं जीएक्स 160 आधी साडेपाच एचपीचं म्हणून विकलं जायचं, आता त्यावर 4.8 लिहितात. इंजिन तेवढंच आहे, मोजायची रीत बदलली.

प्रश्न: मालवणात आमची छोटी होडी आहे. तिच्या मागे अडकवायचं आउटबोर्ड मशीन किनाऱ्यावर तपासायला स्टँड कसा करावा?

तुमचा स्टँड म्हणजे दोनशे लिटरचं पिंप. मशीन पिंपाच्या कडेला अडकवू नका, पत्रा वाकतो. दोन जाड खांब पुरा, त्यांना आडवी फळी बोल्टने कसा, मशीन फळीवर आणि पाय पिंपात. पाण्याची पातळी मशीनच्या पाणी ओढणाऱ्या जाळीच्या चांगली वर. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा पाण्यानेच ओला राहतो. कोरडं चालवलं तर थोड्याच वेळात त्याची पाती जळतात आणि मग भर समुद्रात मशीन तापतं. बाहेरचा प्रॉपेलर मात्र काढून ठेवा, नाहीतर चुकून गिअर पडला की पिंपातलं पाणी तुमच्या अंगावर. मागून पाण्याची बारीक धार यायला लागली की पंप जिवंत आहे समजा. गोडं पाणी भरलंत तर आतलं मीठही धुऊन निघतं.

प्रश्न: मोटरसायकलचं 100 सीसी इंजिन स्टँडवर पाच मिनिटांत लाल होतं. ऑइल बदललं, तरी तेच.

ऑइलचा दोष नाही. ते इंजिन धावत्या गाडीच्या वाऱ्यावर थंड होतं, तुमच्याकडे ते जागेवर उभं आहे. समोर मोठा फरशी-पंखा लावा.

प्रश्न: डिझेल इंजिनाचा पंप दुरुस्त करून चालू केलं आणि ते सुसाट सुटलं. लिव्हर ओढली, नळी काढली, तरी थांबेना. शेवटी आम्ही पळालो. नशिबाने ते आपोआप बंद पडलं. असं का झालं?

पळालात ते शहाणपणाचं केलंत. पंपाची रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी, जुळणीत अडकली असेल, किंवा क्रँककेसमधलं ऑइल वर जाऊन इंजिन तेच जाळत असेल. दुसऱ्या प्रकारात डिझेल तोडून काही होत नाही, ते आपलंच ऑइल पीत राहतं. तेव्हा हवा तोडायची. एअर क्लीनर काढूनच चाचणी घ्या आणि सपाट, जाड फळी हाताशी ठेवा. ती बाजूने सरकवत तोंडावर दाबायची. हात लावायचा नाही, फडकंही नाही.

फडक्याचं मी अनुभवाने सांगतो. माझंही एकदा असंच सुटलं होतं. मी गोणपाट दाबलं, इंजिनाने ते निम्मं आत ओढलं आणि हवा घेत राहिलं. शेड घराला लागूनच. मी आत धावलो, ओट्यावर पोळपाट होता, पीठ लागलेला, तो उचलला आणि गुळगुळीत बाजू तोंडावर धरली. इंजिन दोन गचके देऊन थांबलं. त्या दिवशी आमच्याकडे भात-आमटीवर भागवलं. पोळपाट अजून स्टँडशेजारी खुंटीला आहे, घरात दुसरा आणला.