पर्यायी अभ्यासक्रम आखताना

ताई, परंपरेच्या बाजूनं स्त्री-अभ्यासाचा पेपर करायला घेतलात, फार बरं वाटलं. फक्त सुरुवात स्त्रीवादावरच्या टीकेनं करू नका. सत्रभर दुसऱ्याचं खोडत बसलात तर मुलींच्या हाती काय लागणार?

आधी आपल्या मराठवाड्यातलं घ्या. गंगाखेडच्या जनाबाई, आपेगावच्या मुक्ताबाई. महानुभावांच्या महदंबेचे धवळे म्हणजे लग्नातली गाणी, तेराव्या शतकातली. वर्गात नुसती वाचू नका, मुलींकडून गाऊन घ्या. देवगाव रंगारीच्या संत बहिणाबाईंना (१६२८-१७००) मात्र दोन आठवडे द्याच. नवऱ्याचा मार, तुकोबांचा ध्यास आणि तरीही पतिसेवा, सगळं त्यांनी स्वतः अभंगांत सांगितलंय. त्यातला मार गाळू नका. आपली परंपरा इतकी लेचीपेची नाही, आणि गाळलेलं मुली शोधून काढतातच.

जात्यावरच्या ओव्या मुलींनी आजीकडून, मावशीकडून लिहून आणाव्यात. त्याला अंतर्गत गुण ठेवा, नाहीतर कुणी आणणार नाही.

२ क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा सगळंच घालायचा मोह आवरा. आणि अभ्यासमंडळापुढं मसुदा नेताना ताराबाई शिंद्यांचा १८८२चा ‘स्त्री पुरुष तुलना’ हा पुरुषी वर्चस्वावर टीका करणारा निबंधही वाचनयादीत असू द्या. विरोधी बाजू मुलींनी मुळातून वाचलेली हवी.